गाव चुकणाऱ्याचा मान

आमच्याकडे वऱ्हाडाची गाडी मांडवापुढे थांबली की पहिला मान ड्रायव्हरचा. एवढ्या माणसांना सुखरूप आणलं म्हणून यजमानांतलं एखादं वडीलधारं माणूस पुढे येतं, त्याच्या कपाळाला गंध लावतं, डोक्यावर पांढरी टोपी घालतं आणि खांद्यावर टॉवेल टाकतं. टॉवेल पहिल्याच धुण्यात रंग सोडतो, टोपीही दोन पावसाळे टिकत नाही. पण माझ्या नवऱ्याने हे सगळे टोप्या-टॉवेल लोखंडी पेटीत जपून ठेवलेले. त्यातला एक टॉवेल मी फरशी पुसायला घेतला, तर हे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

हे जामनेरच्या एका गाडीमालकाकडे लग्नाच्या बसवर होते. मालकाला सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचे. नावाला भाऊ! लग्नसराई लागली की हा माणूस ड्रायव्हर बदलायचा नाही. इंजिन तापलं तर गाडी सावलीत लावायचा, माणसाला नाही. एक वऱ्हाड उतरलं की दुसरं चढलेलंच.

लोकांना वाटतं, ड्रायव्हरला झोप कमी पडते एवढंच. झोपेचं मी समजू शकते, अंथरूण टाकलं की ती भागते. यांचं डोकंच आंबून जायचं. जेवायला बसले की उजवा पाय ताटाखाली ब्रेक दाबत राहायचा. चहा प्यायलेला कप हातात असताना चहा मागायचे. एकदा तर शेजाऱ्यांच्या ओट्यावर चपला काढून त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. डोळे टक्क उघडे आणि आत माणूस नाही. मी भाऊला जाऊन सांगितलं, दोन दिवस सुट्टी द्या. तो म्हणाला, गाडी काय डोक्याने चालवतात का, हातपायांनी चालवतात.

त्या वैशाखात यांनी आठवडाभर पहूरची वऱ्हाडं जळगावला नेली. मग जामनेरचं वऱ्हाड चाळीसगावला न्यायचं आलं. पहूरच्या चौफुलीवर सरळ शेंदुर्णीकडे निघायचं, तर यांचे हात सवयीने जळगावकडे वळले. वऱ्हाडी मंडळी उन्हाने पेंगत होती, पार पुढे गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. उशीर झाला, पण लग्न काही मोडलं नाही. आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो, लग्न लागतं ते नवरदेवाचे मित्र नाचून दमल्यावर.

चाळीसगावला नवरीच्या मामांनी उशिराचा राग धरला नाही. रीतीप्रमाणे यांच्या डोक्यावर टोपी घातली. भाऊ आपल्या मोटारीने आधीच पोचला होता. तो पुढे आला आणि बँडवाल्यांच्या, बायकांच्या, सगळ्या मांडवाच्या देखत त्याने ती टोपी यांच्या डोक्यावरून उचलली.

“गाव चुकणाऱ्याला मान कसला?”

लोक हसले. यांनी खांद्यावरचा टॉवेल स्वतःच उतरवला, घडी केली आणि गंधाच्या ताटात ठेवला. ती घडी मला सांगितली ती गाडीवरच्या क्लीनरने. ते ऐकलं तेव्हापासून सबंध वर्षभर भाकरी थापताना, धुणं आपटताना माझ्यासमोर भाऊचंच तोंड असायचं. देवाने शिक्षा करावी वगैरे मी म्हटलं नाही. त्याला शिक्षा करायला माझ्या आधी देवाचा नंबर लागू नये, एवढीच इच्छा होती.

माझा नंबर लागला तो त्याच्या लेकीच्या लग्नात. लग्न धुळ्याला, नवरदेवाच्या दारी. त्या दिवशी बाकीच्या गाड्या भाड्याने गेलेल्या. स्वतःच्या पोरीच्या लग्नातही याला भाडं सोडवेना. घरच्या वऱ्हाडाला आमचीच बस होती आणि हे सकाळीच शेगावकडचं वऱ्हाड सोडून आले होते. आले ते उंबऱ्यावरच बसून राहिले, आत कुठून यायचं ते सुचेना. मी हात धरून आत नेलं, निजवलं, किल्ली कमरेला खोचली आणि सासूबाईंना दारात बसवलं. म्हटलं, यमराज आला तरी आत सोडू नका.

मग किल्ली घेऊन भाऊच्या दारी गेले. वऱ्हाड गाडीत बसलं होतं. माझं माहेर साक्रीकडचं, राग आला की तोंडात माहेरचीच बोली येते.

“त्या झोपेल शेतस, भाऊ. गाडी तुमले येस. तुम्हीच चालाडा.”

नवरा झोपलाय, गाडी तुम्हीच चालवा, असं मी चारचौघांत ऐकवलं, तिथे तो शिव्याही देऊ शकला नाही. तरुणपणी स्वतः ड्रायव्हर होता, हे तोच सगळ्यांना छाती फुगवून सांगायचा. चढला मुकाट्याने. मला हळदीपासून कामाला बोलावलेलंच होतं. मी त्याच्या मागच्या सीटवर बसले.

पंधरा दिवसांच्या धावपळीने तोही पार पिळून निघाला होता. मांडव, आचारी, सोयरे, रुसवे. शिरपूरला त्याचे नातेवाईक, तिकडे पत्रिका नि मानपान घेऊन फेऱ्यांवर फेऱ्या झालेल्या. खिशातला मोबाइल सारखा वाजत होता. पारोळा गेलं, मोठा महामार्ग आला. धुळ्यात सरळ शिरायचं, तर भाऊचे हात उजवीकडे शिरपूरच्या रस्त्याला वळले.

मी आरशात त्याचे डोळे पाहिले. टक्क उघडे. आत माणूस नाही.

तो रस्ता माझ्या पायाखालचा. एका शब्दाने मी त्याला थांबवू शकले असते. पण मी पदर तोंडावर घेतला, हसू दिसू नये म्हणून. मागे बायका गाणी म्हणत होत्या, आणि मालकच चालवतोय म्हटल्यावर रस्ता कोण बघणार? सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा नवरीच बापाला म्हणाली, “आप्पा, आपण कुठे चाललोय?” भाऊने ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून तो कितीतरी वेळ समोर बघत राहिला. त्या क्षणी मला त्याची कीव यायला हवी होती. पोरीची आली, त्याची नाही.

धुळ्याला पोचलो तेव्हा बँडवाले दमून खुर्च्यांवर बसले होते. नवरदेवाकडचे एक म्हातारे आबा लगबगीने ताट घेऊन आले. त्यांनी व्याह्याला कधी पाहिलेलं नव्हतं. ड्रायव्हरच्या दारातून उतरलेल्या माणसाला त्यांनी गंध लावलं आणि टोपी घातली.  मी पुढे झाले, हात वर केला आणि टोपी उचलली. त्याला नीट कळावं म्हणून बोलले मात्र त्याच्या भाषेत.

“गाव चुकणाऱ्याला मान कसला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी न जेवता टोपी पदरात घेऊन एसटीने परत आले. वाटभर मी इतकी खूश होते की शेजारच्या बाईला विनाकारण खारे दाणे दिले.

घरी हे नुकतेच उठून खाटेवर बसले होते. मी काही न सांगता ती टोपी यांच्या डोक्यावर घातली. म्हटलं, विचारतील कुठून आणली, मग सगळं रंगवून सांगेन. यांनी टोपी चाचपली. लगेच उभे राहिले. पाय चपला शोधू लागले, हात खुंटीवर किल्ली शोधू लागला.

“आज कोठे जानं शे?”

कुठेच नाही, मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तरी हे टोपी घालून दारात उभेच, गाडीची वाट बघत.

तेव्हा मला वाटलं, सोनगीर फारच जवळ होतं. पोरीला बोलू द्यायला नको होतं. भाऊला त्याच रस्त्याने पार इंदूरपर्यंत जाऊ द्यायला हवं होतं.