फलकावरचा ‘छाती’ हा शब्द

नेमका शब्द टाळल्यामुळे एखाद्या बाईची तपासणी राहून जाते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधताना सुरुवात माझ्याच हस्ताक्षरापासून करावी लागली.

गेल्या वर्षी खांदा कॉलनीतील आमच्या सोसायटीत महिलांसाठी शिबिर ठरले. शिबिर घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी पाठवलेल्या कागदावर ‘स्तनांची मोफत तपासणी’ असे स्पष्ट लिहिले होते. मी मराठीची निवृत्त शिक्षिका. फलक लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. फलक फाटकापाशी असतो. तिथे वॉचमन बसतो, मुले खेळतात. मी खडू उचलला आणि ‘छातीची मोफत तपासणी’ असे लिहिले. हा बदल मला कोणीही सुचवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उरणकडची कोळीण मासे घेऊन आली. बारा वर्षे ती माझ्या दारी येत होती. फलकावर काय लिहिले आहे ते सांगून मी तिला रविवारी यायला सुचवले. माशांच्या पाटीवरचे फडके बाजूला सारत ती हसली.

“माजी छाती ठणठणीत हाय, बाय. खोकला नाय, दम नाय. पाटी घेऊन तुमचे तीन जिने चढते मी. तुमीच जा, धाप तुमाला लागते.”

मीही हसले. तिने वेगळाच अर्थ घेतला, हे मला त्याच क्षणी कळले होते. वर्गात असा घोटाळा झाला असता, तर मी धडा थांबवून शब्द समजावला असता. पण समोरचे शेजारी दारात येऊन पापलेटचा भाव विचारत होते, आणि त्यांच्यादेखत तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी मासे घेतले आणि दार लावले.

पावसाळ्यानंतर पाटी घेऊन तिची सून आली. सासूवर मुंबईत उपचार चालू होते. स्तनातली गाठ शिबिराच्या आधीपासून हाताला लागत होती. दुखत नव्हती, म्हणून सासूने कोणाला सांगितले नव्हते.

“शिबिर त्याचाच होता, ह्ये तिला म्हाईत असता तर ती आली असती,” सून म्हणाली.

फलक मी लिहिला होता, हे मी तिला सांगितले नाही. अजूनही सांगितलेले नाही.

ती खरोखर आली असती का आणि त्याने किती फरक पडला असता, हे मला सिद्ध करता येत नाही. लवकर दाखवले असते तर बरे झाले असते, एवढेच डॉक्टरबाई म्हणाल्या. सुरुवातीच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर ‘हो’ असे आहे.

तरी माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नका. तुमच्या घरी कामाला किंवा भाजी, मासे घेऊन येणाऱ्या बाईला ‘छातीची तपासणी’ म्हणजे काय, ते विचारा आणि तिच्या उत्तरावरून माझे म्हणणे कृपया स्वतः पडताळून पाहा.