शिरोरेषेशिवाय सही

अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या आमच्या ओळखीत जगन्नाथइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. नागपूरचा इंजिनीअर, कामात वाघ, पण सहीचा कागद पुढे आला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. ग्रीनकार्डचा अर्ज पाच वर्षं अडकलेला. आपण कुठंतरी नको ती सही करू, ते नोंदलं जाईल आणि एक दिवस बायकोमुलीसकट परत पाठवतील, ही धास्ती त्याला जेवतानाही सोडत नसे. मी हसायचे. माझं ग्रीनकार्ड झालं होतं, मला हसायला काय जातंय?

२००५च्या फेब्रुवारीत त्याची मुलगी देवयानी अकरावीचे विषय निवडत होती. तिला इंजिनीअर होऊन पूल बांधायचे होते. त्यासाठी तिला एपी फिजिक्स हवं होतं, म्हणजे शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचं. तिच्या सायन्सच्या सरांनी मात्र साधं फिजिक्स सुचवलं. तरीही एपी हवंच असेल, तर पालकांनी एका कागदावर सही करायची होती: शिक्षकांचा सल्ला बाजूला ठेवून आम्ही आमच्या जबाबदारीवर हा विषय घेत आहोत.

जगन्नाथनं तो कागद तीनदा वाचला. मास्तरांच्या शब्दाबाहेर जायचं, तेही लेखी, आणि वर आमची जबाबदारी? त्यानं कागद फ्रिजवर लावून ठेवला. त्याची बायको शैलजा स्वतः सही करायला निघाली, तर यानं तिच्या हातातून पेन काढून घेतलं. देवयानी रोज फ्रिजकडे बघायची आणि दूध घेऊन जायची.

शुक्रवारी मुदत संपली तेव्हा फ्रिजवर कागद नव्हता. पोरीनं नाद सोडला असं समजून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी ऑफिसात शाळेतल्या कौन्सेलरबाईंचा फोन आला. जगन्नाथ सही मराठीत करायचा. बाईंना मराठी येत नव्हतं, पण डोळे होते. शाळेच्या जुन्या कार्डावर त्याच्या सहीच्या डोक्यावर लांब आडवी रेघ होती, या कागदावर ती नव्हती. सही तुमचीच ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

इकडे वाढलेली त्याची लेक मराठी अक्षरं कशीबशी काढायची आणि शिरोरेषा हमखास विसरायची. त्याला क्षणात कळलं. खोटं बोललो तर मी गेलो, खरं बोललो तर पोरीच्या फाइलीत कायमचा डाग. हे त्यानंच नंतर आम्हाला सांगितलं.

"येस मॅडम," तो म्हणाला, "सही माझीच आहे. घाईत केली."

घरी येऊन तो देवयानीला एक शब्द बोलला नाही. पण महिनाभर दाराची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघायचा. ती त्याची नजर चुकवायची. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला तशी ती फिजिक्स घोकायला लागली.

पुढच्या फेब्रुवारीत बारावीच्या विषयांचा कागद आला. जगन्नाथनं न वाचता सही केली. देवयानीनं ती बिनरेघेची सही पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, ही तुमची सही नाहीये."

पेनाला टोपण लावत तो म्हणाला, "शाळेत हीच चालते."