आधी प्रिंटरला सांगणारी

कामशेतला फ्लेक्स छापतात त्या दुकानात ती डिझाइन करते. माझ्या चिक्कीच्या खोक्यांवरची लेबलं तिचीच, पण आमचं बोलणं जेमतेम. गिऱ्हाइकाला काही सांगायचं झालं, की ती आधी प्रिंटरकडे तोंड करून तेच वाक्य हळूच म्हणून बघते. मालकांना वाटतं, पोरगी देवाचं नाव घेते.

परवा मी लेबलं न्यायला गेलो, तेव्हा एक भाऊ स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून घेत होते. पंचवीसेक मित्रांचे फोटो झाले, मग वाघ, मग किल्ला, शेवटी हेलिकॉप्टर. ती मुकाट्यानं सगळं बसवत गेली. मग प्रिंटरकडे वळून पुटपुटली आणि भाऊंना म्हणाली, "भाऊ, ह्यात तुम्ही कुठं आहात?"

भाऊंचं बोट स्क्रीनवर बराच वेळ फिरलं. शेवटी ते वाघाच्या शेपटीखाली सापडले.

"आयला! वाघ काढ. गर्दी बी काढ. हेलिकॉप्टर तेवढं ऱ्हाऊ दे."

"नको!" प्रिंटरकडे न वळताच ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. मालक चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले.

भाऊंनी हेलिकॉप्टरकडे एकदा मायेनं बघितलं.

"बरं ताई," ते म्हणाले, "नगं तर नगं."