सलाउद्दीनचे साठ तास

१९३४ च्या हिवाळ्यात आमची नाटक मंडळी नाशकात मुक्कामाला होती. बोलपटांनी आमचा प्रेक्षक पळवायला सुरुवात केली होती, पण नाशिककरांची माया अजून आटली नव्हती. मी तर त्यांच्यातलाच, गावातल्या भद्रकाली भागात वाढलेला, मंडळीत नायिका करणारा. तरीही त्या मुक्कामात आमच्यापेक्षा मोठी गर्दी खेचणारा एक खेळ देवळालीच्या वाटेवरच्या माळावर चालू होता. सावळीराम नावाच्या गृहस्थाने तिथे विमान आणलं होतं. पूर्वी तो एका सर्कशीचा मॅनेजर होता. तिकीट काढायचं, विमानाच्या पुढच्या खुर्चीत बसायचं, गावावरून एक चक्कर मारायची आणि खाली उतरल्यावर महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायचं.

मागच्या खुर्चीत बसून ते विमान चालवायचा सलाउद्दीन, आमच्या गल्लीतल्या खाजा मिस्त्रींचा मुलगा. मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली शिकून हा मुंबईला गेला, तिथे विमानांची इंजिनं धुतापुसता उडायला शिकला, आणि भाडं घेऊन माणसं नेण्याचा परवाना मिळवून परत आला. अंगाने किडकिडीत, बोलायला मोजका. पण विमान जमिनीला टेकवायचा असं, की आत बसलेल्या बाईच्या ओंजळीतली फुलं सांडू नयेत. लोक टाळ्या वाजवून ‘वन्स मोअर’ ओरडायचे. आमच्या हक्काचा वन्स मोअर असा माळावर गेलेला पाहून मला थोडा हेवाही वाटला. खोटं कशाला सांगू?

त्याला मात्र टाळ्यांशी देणंघेणं नव्हतं. मुंबईच्या एका विमान कंपनीत टपाल नेणारा पायलट व्हायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. कंपनी पुढल्या वर्षी माणसं घेणार होती. किती तास उडालात, हे ती लॉगबुक नावाच्या वहीतून बघणार होती. सावळीरामच्या खेळात तास भराभर चढत होते. हंगाम संपला तेव्हा वहीत तीनशेच्या वर तास होते.

मार्चमध्ये मालेगावच्या फारुखशेठनी त्याला बोलावलं. शेठ लुगड्यांचे मोठे व्यापारी. हौसेने विमान विकत घेतलं होतं, पण चालवणारा टिकत नव्हता. पहिली फेरी ठरली नाशिक ते जळगाव. वाट अगदी सोपी होती. रेल्वेचे रूळ धरायचे, मनमाडवरून पुढे नांदगाव, चाळीसगाव करत जायचं.

मनमाडला काय घडलं ते मला स्वतः शेठनीच सांगितलं, पोट धरधरून. सकाळची वेळ, ऊन सलाउद्दीनच्या थेट डोळ्यांवर. खाली मनमाडात चहूकडे फुटलेले रूळ. त्यातला एक धरून तो वळला आणि ऊन डोळ्यांवरून बाजूला सरलं. त्याला बरं वाटलं. थोड्या वेळाने शेठ बोलायच्या नळीतून म्हणाले,

“सलाउद्दीन, हे येवला तर नव्हे?”

“नाही शेठ, नांदगाव.”

“अरे, माझी अर्धी उमर येवल्याच्या विणकरांबरोबर गेली.”

“वरून सगळी गावं सारखीच दिसतात शेठ.”

पुढे रुंद पात्राची नदी आली. एवढी मोठी नदी या वाटेवर नाही हे कळताच सलाउद्दीनने कापणी झालेलं एक शेत पाहून विमान उतरवलं. शेताची मालकीण बायडाबाई विळा हातात घेऊन आली.

“बाई, हे गाव कोणतं?”

“कोपरगाव. तुम्ही कुठं निघालते?”

“जळगावला.”

“मंग मनमाडलाच चुकले की. आमचे जावई रेल्वेत हायेत. तिथं गाडी बदलावी लागती.”

शेठ म्हणाले, “बाई, यांना गाडी बदलायची सवय नाही. हे एकाच गाडीत गोल फिरत होते.”

ते चेष्टेने बोलले, पण सलाउद्दीनला ते झोंबलं. त्याने बाईंकडून पाणी मागून घेतलं, होकायंत्रावर दिशा धरली आणि रुळांकडे न बघता जळगाव गाठलं. संध्याकाळी वहीत लिहिलं, ‘मनमाडला चुकीचा रूळ धरला. कोपरगावजवळ उतरलो.’ कुणी सांगितलं नव्हतं लिहायला.

आता खरी परीक्षा पुढेच होती. सावळीराम पुढच्या हंगामासाठी त्याला मागायला आला. सोलापूर, अमरावती, हुबळी असा दौरा, पुन्हा तीनशे तासांची खात्री. शेठकडे सहा महिन्यांत जेमतेम साठ तास मिळाले असते. भद्रकालीच्या हॉटेलात चहा पिताना मी माझं मत ठासून सांगितलं.

“सलू, सावळीरामबरोबर जा. जितके प्रयोग जास्त तितकं नाव मोठं. वहीत सहाशे तास दिसले की मुंबईवाले उठून उभे राहतील.”

“मास्तर, ते तीनशे तास नाहीत. एकच दहा मिनिटं आहेत, अठराशे वेळा केलेली.”

“सफाई नाही का येत त्याने?”

“उतरण्यात आली. माळ तोच, वारा ओळखीचा, वळायचं नेहमी डावीकडे. टपालवाल्याला रोज नवं आभाळ असतं.” त्याने बशी खाली ठेवली. “तुम्ही एका नायिकेचे दोनशे प्रयोग केलेत ना? ऐन वेळी दुसऱ्या कुणाची भूमिका अंगावर पडली तर?”

मला जळगावचा एक प्रसंग आठवला. आमचा विदूषक तापाने पडला आणि मला उभं केलं. दोनशे प्रयोगांची नायिका त्या रात्री विदूषकाचे कपडे घालून खांबासारखी उभी राहिली. विदूषकाचे संवाद स्वतःच उचलून मला त्या बिकट जागेतून सोडवलं ते मंडळीतल्या एका पोराने. त्याने आयुष्यात मोठी भूमिका कधी केली नव्हती, पण प्यादा, दासी, राक्षस, सगळं करून झालं होतं. मी चहाचे पैसे दिले आणि म्हणालो, “शेठकडे जा.”

तो गेला, पण अट घालून गेला. एका गावाला दोनदा जायचं असेल तर दुसऱ्यांदा वाट वेगळी. पावसाळ्यात काम थांबवायचं नाही. जी विमानं त्याने कधी चालवली नव्हती, त्यांच्या दुरुस्तीला तो सुट्टीत मुंबईला फुकट जाणार, आणि बदल्यात त्या पायलटांच्या शेजारी बसणार. शेठ हसले. “मी लुगडी विकायला निघालो होतो, आता तुझी शाळा काढतो.” पण त्यांनी एकही अट मोडली नाही. इंदूर, बऱ्हाणपूर, सुरत, सगळीकडे ते त्याच्यापुढे बसून, मांडीवर नमुन्यांचं गाठोडं घेऊन गेले. एकदा ढग खाली आले म्हणून सटाण्याच्या अलीकडून मागे फिरावं लागलं. शेठचा सौदा बुडाला. ते एवढंच म्हणाले, “जिवंत व्यापाऱ्याला सौदे मिळतात.”

त्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर मुंबईहून बोलावणं आलं. एकाच जागेसाठी दोघे उमेदवार होते. दुसरा यादव, सलाउद्दीनच्या जागी सावळीरामकडे लागलेला तरबेज गडी, सातशे तासांचा. तपासणाऱ्या साहेबांनी सलाउद्दीनची वही उघडली आणि पहिली तीनशे तासांची पानं नुसती उलटली. शेवटच्या साठ तासांवर मात्र ते बराच वेळ थांबले.

“अनोळखी माळावर उतरायचंय, वाऱ्याची निशाणी नाही. काय कराल?”

“चुलींचा धूर बघीन. तो नसेल तर वाळत घातलेली लुगडी.”

“ढग डोंगराला टेकलेत. पलीकडे टपालाची वाट बघतायत.”

“परत फिरेन. टपाल दुसऱ्या दिवशी जाईल.”

“असं केलंय कधी?”

“पान उलटा साहेब. सटाण्याचं आहे.”

जागा सलाउद्दीनला मिळाली. पत्र आलं त्या दिवशी त्याची आई गुलजारबीने गल्लीत शिरखुर्मा वाटला. ईद नसताना आमच्या गल्लीत तो तेवढा एकदाच झाला.

आठ दिवसांनी यादव त्याला शोधत भद्रकालीत आला. चेहरा पडलेला. मीही तिथेच होतो. म्हणाला, “माझे तास तुझ्या दुप्पट. काय कमी पडलं ते तरी सांग.”

सलाउद्दीनने त्याला बसवलं, खाजा मिस्त्रींनी चहा मागवला. माझ्या उमेदीत एखाद्या नटाने अशा वेळी छाती काढून भाषण ठोकलं असतं. सलाउद्दीनने यादवच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला,

“तू उतरतोस माझ्यापेक्षा छान. आता चुकायला जागा हवी तुला. सोमवारी फारुखशेठना इंदूरला जायचंय, आणि मी सोमवारपासून टपालावर. तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय त्यांच्याशी.”