शेवटपर्यंत ऐकू आलं का?

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या पेपरावर होतो. भाचा सुमेध बोलत होता. "मामा, बाबा गेले. बाथरूममंधी पडले, वाशिमले नेता नेताच गेले. डॉक्टर म्हनते बीपी लय वाढेल होता." मी "येतो" म्हणालो, शेजारच्या वर्गातल्या मॅडमना माझा वर्ग सांभाळायला सांगितला आणि गाडीला किक मारली. मालेगावहून अनसिंग तासाभराचा रस्ता. त्या तासात मला रडू आलं नाही, राग आला. पोचलो तर ओसरीवर बसलेला प्रत्येक माणूस "बीपीनं गेले" म्हणत होता आणि मीही मान हलवत होतो. आज सहा आठवडे झाले, तो राग उतरलेला नाही. बीपीनं गेले हे खोटं नाही. पण रोजच्या गोळ्या या माणसानं का सोडल्या, हे सहा आठवड्यांत एकानंही विचारलं नाही... आणि विचारलं नाही ते बरंच झालं, असं मला वाटत होतं.

उत्तमराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. मी त्यांना भाऊजी म्हणायचो आणि ते चारचौघांत मला "आमचा शिकेल साळा" म्हणायचे, कारण घरात बीएस्सी झालेला मी पहिला. नोकरी वीज मंडळात, वायरमनची. वादळात तार तुटली की खांबावर चढलेल्या भाऊजींना खालून कोणी "सांभाळून" म्हटलेलं खपत नसे. "मी वर आहो तं मले भेव नाही, तू खाली उभा राहून काहून भेवून राह्यला?" असं ते वरूनच सुनवायचे. दुसरं काम बिनपगारी होतं. ते बौद्धाचार्य होते. आजूबाजूच्या गावांतली लग्नं तेच लावत, नामकरणं तेच करत, पण त्यांची खरी गरज पडे ती मयतीला आणि नंतरच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीच्या कार्यक्रमाला. त्रिशरण-पंचशील झालं की गेलेल्या माणसाबद्दल ते पाच-दहा मिनिटं बोलत. त्यासाठी आधी घरातल्या बायकांजवळ बसून विचारून घेत, तो कशाला हसायचा, कोणती भाजी ताटात टाकायचा, भांडण झालं की कुठं जाऊन बसायचा. मग तेवढंच साधं सांगत, आणि लोक रडून मोकळे होत. मी एकदा छेडलं, "भाऊजी, मेलेल्याले कायी पोचत नाही असं तुमीच सांगता, मंग एवढं कोनासाठी बोलता?" ते म्हणाले, "जो गेला त्याच्यासाठी कोन बोलते? जे राह्यले त्यायच्यासाठी बोलतो."

मग कोरोना आला. पहिल्या वर्षी कसंबसं निभावलं. दुसऱ्या लाटेत मात्र दवाखान्यातून माणूस थेट मसणवटीतच जाऊ लागला. किटमधली चार माणसं आणि घरचा एखादा, तोही लांब उभा. भाऊजींना साठी उलटलेली, शुगर, बीपी, घराबाहेर पडायची अक्काची सक्त मनाई. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की मयतीची वंदना, म्हणजे त्रिशरण-पंचशील आणि ते पाच-दहा मिनिटांचं बोलणं, फोनवरून घ्यावी. भाऊजी मधल्या खोलीत पांढरा सदरा घालून, मांडी घालून बसायचे आणि तिकडे मसणवटीत कोणीतरी मोबाइल स्पीकरवर लावून हात वर धरायचा. एकेका दिवशी दोन-दोन, तीन-तीन फोन. ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो त्याच्यासाठी भिंतीकडे पाहून बोलायचं... आणि बोलून झालं की समोर कोणी नाही, तीच भिंत आहे, आतून कुकरची शिटी येते आहे. आम्ही सगळे त्यांचं कौतुक करत होतो. त्यांना हे झेपतं आहे का, हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर मला ठाऊक नाही. माझ्या तरी आला नाही.

एका दिवशी रिसोडकडच्या एका बाईच्या नवऱ्याची वंदना होती. ती एकटीच तिथं उभी होती, दोन्ही मुलं पुण्याला अडकलेली. भाऊजी नेहमीप्रमाणे डोळे मिटून बोलले, अगदी सावकाश, शेवटपर्यंत. डोळे उघडले तर फोन कधीचाच कटलेला. रेंज गेली असेल, नाही तर तिकडची बॅटरी संपली असेल, काही कळायला मार्ग नव्हता. परत लावला तर बंद. दोन दिवसांनी लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, कुठलोक ऐकू आलं?" ती बिचारी म्हणाली, "सुरू झालं आन् लगेच बंद पडलं, गुरुजी. मंग मी तशीच उभी होती."

त्या "तशीच उभी होती"नं भाऊजींना धरलं ते सोडलं नाही. त्यानंतर त्यांनी फोनवरून ज्यांची ज्यांची वंदना घेतली होती, त्या सगळ्यांना फोन लावायला सुरुवात केली. "त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकू आलं होतं का?" लोक आधी "हो गुरुजी" म्हणायचे. चार दिवसांनी भाऊजींचा पुन्हा फोन. महिन्याभरात लोक फोन उचलेनासे झाले. ज्याचं दुःख जरा खाली बसलं आहे, त्याला हा माणूस पुन्हा ढवळतो, असं लोकांचं म्हणणं, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. पुढे लॉकडाऊन उठला, शाळा भरल्या, बाजार भरले, तोंडावरचे मास्क हनुवटीवर आले आणि मग गेलेच. भाऊजी त्या मधल्या खोलीतच राहिले. विजेला न भिणारा माणूस फोन वाजला की दचकायचा. जेवण निम्म्यावर आलं. दाढी वाढली. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी झाला, तो चांगला निघाला. एका डॉक्टरनं ताकदीची सलाईन लावली, दुसऱ्यानं व्हिटॅमिन दिलं, आणि नातेवाइकांनी, यात मीही आलो, फुकटचे सल्ले दिले. फिरायला जा. मन गुंतवा. ध्यान करा, तुम्ही तर दुसऱ्यांना शिकवता.

असंच एकदा ते एसटीनं मालेगावला माझ्या घरी आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. मला बरं वाटलं, म्हटलं सुधारले. इकडचं तिकडचं बोलणं झालं, माझी बायको आत गेली आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "प्रमोद, मले अकोल्याले ने. डोक्याच्या डॉक्टरले दाखवू. हे माह्यानं आवरून नाही राह्यलं."

माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता. यापेक्षा सोपं काय असतं... मी शाळेत विज्ञान शिकवतो. मेंदूची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो, मुलांकडून भागांची नावं पाठ करून घेतो. आणि मी त्यांना काय म्हणालो, तर, "भाऊजी, तुमाले कायी झालं नाही. रिकामपनाचं हाय ते. तिथं नेलं आन् कोनी पाह्यलं तं लोकं काय म्हनतीन? बौद्धाचार्यच डोक्यानं गेला म्हनतीन. तुमच्या पोरीचं लग्न जमवाचं हाय." त्यांनी इस्त्रीचा सदरा नीट केला. मग "बरं" म्हणाले. मी त्यांना स्टँडवर सोडलं, खिडकीची जागा पकडून दिली आणि मोठं शहाणपणाचं काम केल्यासारखा घरी आलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला उपायही सुचला. ज्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता तेच काम पुन्हा सुरू करून दिलं की गाडी रुळावर येईल, असं मी ठरवलं आणि ओळखीपाळखीत सांगून त्यांना कार्यक्रम मिळवून दिले. म्हणजे ज्या माणसाला दुसऱ्यांच्या मयतींनी आजारी पाडलं, त्याला मी आणखी मयती आणून दिल्या. आमच्यासारखी माणसंच अशी चूक करू शकतात. रिसोडला एका पुण्यानुमोदनाला मी स्वतः त्यांना गाडीवर नेलं. मंडप भरलेला, माइक चांगला. पंचशील झालं, ते बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. "मांगं ऐकू येऊन राह्यलं का?" मागून कोणी "हो" म्हणालं. पुन्हा दोन वाक्यं. "मांगच्यायले ऐकू येऊन राह्यलं का?" असं पाच-सहा वेळा झालं. मागची पोरं हसू लागली. माइकवाला उठून आवाज वाढवत होता, त्याला वाटलं दोष मशीनचा आहे. शेवटी मीच त्यांचा हात धरून खाली बसवलं. आणि खरं सांगतो, परतीच्या वाटेवर मला त्यांची दया आली नाही, लाज वाटली. त्यानंतर ते कुठंच गेले नाहीत. गोळ्या कधी बंद केल्या हेही मला कळलं नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला तोबा गर्दी झाली. एकामागून एक माणूस उठून सांगत होता की गुरुजींनी आम्हाला धीर दिला, असा खंबीर माणूस होणे नाही. मी ऐकत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. खंबीर म्हणून म्हणूनच तर आम्ही त्यांना एकटं टाकलं होतं. उठावं, माइक हातात घ्यावा आणि सांगावं की हा माणूस मनाच्या आजारानं गेला, असं मी ठरवलंही होतं. पण सुमेध आधीच जवळ येऊन बसला. "मामा, त्यायच्या डोक्याचं कायी बोलू नका बरं. ताईले पाह्याले परवा पाव्हने येऊन राह्यले." त्याला ही अक्कल कोणी शिकवली? मीच. माझा नंबर आला तेव्हा मीही ते खंबीर होते असंच बोललो आणि खाली बसलो.

गेल्या रविवारी अक्काकडे गेलो होतो. ती मधल्या खोलीत, भाऊजी बसायचे त्याच भिंतीला टेकून बसली होती. त्यांचा मोबाइल तिनं अजून चार्ज करून ठेवला आहे. लांबच्या गावांत अजून बातमी पोचलेली नाही, कोणाकडे मयत झाली की फोन येतो, आणि अक्का त्यांना ते नाहीत म्हणून सांगते. मी बसलो. मग ती म्हणाली, "तुह्याकडे त्यायले मीच धाडलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"सहा महिने मांगं लागली होती मी त्यायच्या, का डॉक्टरले सांगा म्हून. आयकत नव्हते. मंग म्हनलं, माह्या भावाकडे जा, तो शिकेल हाय, तो नेईन बराबर. त्या दिवशी दाढी कराले लावली, सदऱ्याले इस्त्री करून देली, एसटीत बसवून देलं. सांजच्याले वापस आले तं म्हने, प्रमोद म्हनते मले कायीच झालं नाही. मले वाटलं, तू म्हनतं तं नसंनच. मंग मी बी त्यायले आळशी म्हनू लागली रे. चार वर्सं. गोळ्या खात नव्हते तं म्हनलं, नका खाऊ, मले काय करा लागते. आता तं खरं सांग. आजार होता ना त्यायले?"

"होता, अक्का."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"लोकं काय म्हनतीन म्हून."

"कोन लोकं?" अक्कानं विचारलं.

ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी एखादं तरी नाव आठवायचा प्रयत्न करत होतो.