मागे बिऱ्हाड

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी बनाबाईने घट मांडला, कहाणी वाचली, उपासाचे चार शेंगदाणे तोंडात टाकले आणि गोधडी ओढून घेतली. गोधडी अर्ध्यावर आली होती. लेक वृषाली माघात बाळंतपणाला यायची होती, तिच्या अंगाखाली घालायला. आईच्या दोन जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये घोंगडीचा तुकडा, आणि कडेकडेने आत आत जाणारे बारीक टाके. सासूने शिकवलं होतं, टाका असा पडावा की हात फिरवला तर कळू नये आणि दहा वर्षं धुतली तरी थर आतल्या आत सरकू नये.

इतक्यात दारात गाडी येऊन थांबली. आवाज सावकाश आणि जड. फळीवरचा चहाचा कप बशीत थरथरला. बनाबाईला न बघता कळलं, पाचशेची बुलेट. शेवगावात तशी गाडी रोज येत नसे, आणि ही तर चारच दिवसांपूर्वी त्यांच्याच हातची गादी लावून गेलेली.

शेवगावच्या स्टँडमागे पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार, असं त्यांचं होतं. नवरा सहादेव माप घ्यायचा, फळी नि फोम कापायचा. रेक्झिन शिवायची ती बनाबाई. बारा वर्षांत तिच्या हाताखालून इतक्या गाड्यांच्या गाद्या गेल्या होत्या की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच तिला त्याच्या मनातलं उमगायचं. शंभर सीसीवाली पोरं यायची, साखर कारखान्यावरचा चेतन त्यातलाच. "काकू, मागनं उचलून द्या, टेकाड दिसलं पायजे." त्याच्या टेकाडावर मागे बसणारा मित्र सारखा त्याच्या पाठीवर घसरायचा, पण चेतनला त्याचं काही नव्हतं. दूधवाल्याला गादी अर्धीच लागे, उरलेली जागा कॅनची.

मोठ्या इंजिनाचे लोक निराळे. सुप्याच्या कारखान्यातला एक फोरमन दर दिवाळीला गोकर्णापर्यंत जाऊन यायचा. असे लोक आले की आधी अर्धा तास इंजिनाचंच बोलायचे. घाटात कशी ओढली, मोकळ्या रस्त्याला कशी दाबली. बनाबाई ऐकून घेई आणि सुईत दोरा ओवता ओवता विचारी, "आन उतरल्यावर किती येळ वाकून चालला?" मग खरं निघे. हाताला मुंग्या येतात. कंबर धरते. सामान एका बाजूला कलतं. मागचं माणूस दर दहा मैलांना विचारतं, किती राह्यलं? बनाबाईला वाटे, एवढं मोठं इंजिन घेऊन माणसाला शेवटी एवढंच हवं असतं, की संध्याकाळी उतरल्यावर सकाळी पुन्हा बसावंसं वाटावं. आणि ते इंजिनात नसतं.

"सहादेव! भाईर ये!" दारातून हाक आली.

दफेदार आप्पासाहेब. बोधेगावचे. रणगाड्यावर चोवीस वर्षं काढून पेन्शनीत निघालेले, मिशा अजून पलटणीतल्याच. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी भागूबाई, एका हाताने कंबर धरून नि दुसऱ्या हाताने लुगड्याचा फाटका काठ धरून उभ्या.

"काय झालं, दफेदारसाहेब?" सहादेव गडबडला.

"काय झालं ते हिच्या लुगड्याला इचार. बोधेगावपासनं इथवर दोनदा उतरली. मागं काय बशिवलंय तू? दगड?"

सहादेवने वही काढली. ऑर्डर लिहून घेतल्याशिवाय तो कात्री उचलत नसे, त्याचा त्याला अभिमान होता. बोट ठेवून त्याने मोठ्याने वाचलं. "पाचशे बुलेट, बोधेगाव. पुढे नरम. मागे बिऱ्हाड. लांबचा पल्ला, पडता कामा नये." मग मान वर केली. "तुमीच सांगितलं. मी म्हनलं, बिऱ्हाड म्हंजी दोन ट्रंका तरी असत्याल. सागवानी फळी घातली, चार कड्या ठोकल्या, पट्टं लावलं. गाडी उलटी केली तरी सुटायचं न्हाई."

"आरं, बिऱ्हाड म्हंजी ही!" आप्पासाहेब ओरडले.

बनाबाईला हसू आवरेना. तिने गोधडीचा कोपरा तोंडावर धरला. आपल्याकडचा गडी घरधनिणीचं नाव कुठं घेतो? कुणी मंडळी म्हणतो, कुणी घरातली म्हणतो, आणि बोधेगावच्या दफेदारांनी सरळ बिऱ्हाड म्हटलं. सहादेवच्या डोक्यात भांडीकुंडी आली, यात त्याचा तरी काय दोष?

भागूबाई मात्र हसल्या नाहीत.

"हसा," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्सं पत्रं आली ह्यांची. बिऱ्हाडास कळावे. बिऱ्हाडाने तब्येत सांभाळावी. आमचा पोस्टमन इचारायचा, बिऱ्हाडबाई हायेत का घरात? तेबी चालवून घेतलं. आता कड्या ठोकल्या. मी न्हाई यायची. जावा तुमी एकलं."

"आगं, सोमवारी निघायचंय! बबीन्याला कळवलंय मी."

"ट्रंक न्या."

आप्पासाहेब मिशीवर हात फिरवत गाडीकडे बघत राहिले. सहादेव वहीकडे. बनाबाईने भागूबाईंना आत नेलं, घटापुढे हळदीकुंकू लावलं, केळं हातावर ठेवलं आणि चहा टाकला.

"सवाष्ण आली गुरवारची, रागानं जाऊ नये. बबीना कुटं आलं, भागूबाई?"

"झाशीच्या तिकडं. रनगाड्याची छावनी. मला तरी कुटं ठावं?" भागूबाईंनी बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत. "सासू अंथरुनाला, पोरं ल्हान, शेती. कधी न्हेलंच न्हाई. पाकिटावर शिक्का असायचा त्या गावाचा. मी पोरीकडनं वाचून घ्यायचे. त्यांनी लिंब लावलाय तिथं, क्वार्टरच्या दारात. आता म्हनत्यात डोक्याच्या लई वर गेला आसंल. तेवढा बघायचा हुता."

"मग रेल्वेनं जावा की."

"त्यांनी बी म्हनलं हुतं. मीच न्हाई म्हनलं." भागूबाई पहिल्यांदा थोड्या हसल्या. "मुंजवाडीच्या भावाकडं गेल्ते एकदा रेल्वेनं. रेल्वे आपल्या मनानं थांबती. खिडकीतनं कायबी चांगलं दिसलं की गेलंच. ह्यांनी गाडी घेतली तवा म्हनले, तू म्हनशील तिथं थांबायचं. नदी दिसली, थांब. देऊळ दिसलं, थांब. आयुष्यात कुनी मला असं इचारलं न्हवतं, बाई." मग बशी खाली ठेवली. "पन त्या फळीवर पाच दिवस न्हाई निघायचं माझ्याच्यानं. कंबर पैल्यापासनं धड न्हाई. मधेच कुटं आडले तर त्यांची बी यात्रा मोडंल. त्यापरीस न जायलं बरं."

बनाबाईने ती बशी बाजूला सारली. मग उठली, तशीच पुढच्या खोलीत गेली, सहादेवच्या हातातली वही घेतली आणि 'बिऱ्हाड' या शब्दावर आडवी रेघ ओढली.

"दफेदारसाहेब, मागं कोन बसनार?"

"आता... हीच की."

"ही म्हंजी कोन? आमच्या वहीत नाव लागतं. नावाबिगर आमी माप घेत न्हाई."

"आवो बाई, तुमाला म्हाईत हाय की."

"मला म्हाईत हाय, वहीला न्हाई. सरळ घेता येत नसंल तर उखाना घ्या. आमी बायकांनी जल्मभर घेतल्यात."

आप्पासाहेब मानेपर्यंत लाल झाले. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले. टपरीवाला फडकं खांद्यावर टाकून बघायला लागला. आप्पासाहेब खाकरले, एकदा आतल्या दाराकडे बघितलं आणि परेडवर हजेरी द्यावी तसे ओरडले, "भागूबाई!"

आतून उत्तर आलं, "काय?"

"काय न्हाई. वहीत लिवायचंय."

सहादेवने लिहिलं, मागे भागूबाई. मग भागूबाई बाहेर आल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, "काय माप घ्यायचं ते घ्या. बसून बघते. येते म्हनलं न्हाई आजून."

माप घेताना मात्र बनाबाईच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिचा टेप हातातच राहिला. बारा वर्षांत तिने माप घेतलं होतं ते पुढच्याचं. मागची गादी म्हणजे पुढच्या गादीचं शेपूट. आणि पुढचा बसतो दोहीकडे पाय टाकून, तर भागूबाई बसल्या दोन्ही पाय डावीकडे सोडून, लुगड्यात जसं बसतात तशा. त्यांच्या मांड्यांखाली गादीचा मधला भाग नव्हताच; होती ती कड. हे माप टेपने निघणारं नव्हतं.

"आवो," ती सहादेवला म्हणाली, "गाडी काढा. मी मागं बसते. अमरापूरला जाऊन येऊ, देवीचं दर्शन बी हुईल."

"मी? ही चालवू?"

"मोपेड चालवता न्हवं?"

"आगं, मोपेड पायानं थांबवता येती!"

आप्पासाहेबांनी किल्ली दिली ती मुलगी सासरी धाडावी तशी. "दाबू नगं. तिच्या चालीनं जाऊ दे. आन गिअर पायानं चाचपू नगं, एकदाच टाक." भागूबाई पायरीवर बसून बघत होत्या.

अमरापूर काही लांब नाही, पण बनाबाईला ते लांब झालं. पहिल्याच गतिरोधकाला सहादेवने ब्रेक मारला आणि ती घसरत जाऊन त्याच्या पाठीवर आदळली. डाव्या हाताला धरायला काही नव्हतं. पाठीमागे काही नव्हतं. मागे पडते की काय, या भीतीने पोट आवळून धरावं लागत होतं, आणि कंबर मोडत होती ती त्या आवळण्याने. पायदान इतकं मागे की टाचा लोंबकळत होत्या. सहादेवचा सदरा ओढता ओढता त्याची दोन बटणं गेली. रेणुकामातेपुढे तिने लंगडतच प्रदक्षिणा घातली आणि मनात म्हटलं, आई, आज तू मला बायकांच्या जागी बसवून आणलंस. आता हातात बळ दे.

परत आल्यावर ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. "फळी काडा. कड्या काडा. पायदान चार बोटं फुडं घ्या, गॅरेजवाल्या गोरक्षकडनं वेल्डिंग करून. मागं एक धरायची दांडी पायजे. डावी कड गोल, अशी की मांडीला कापनार न्हाई. उजवीकडं, तिच्या पाठीशी, तीन बोटं उंच. आन तुमच्या दोघांच्या मधी एक छोटा बांध, म्हंजी ब्रेक मारला तरी ती तुमच्या आंगावर यायची न्हाई."

"अंगावर आली तर काय वाईट हाय?" आप्पासाहेब म्हणाले, आणि भागूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"रनगाड्यात गाद्या हुत्या का, दफेदारसाहेब?" सहादेवने विचारलं.

"रनगाड्यात? लोखंडाचं बूड लागतं तिथं."

"तरीच."

गाडी दुकानात ठेवून दोघं एसटीने बोधेगावला गेली. शुक्रवारी फोम भरून बघितला. वरून छान दिसला, पण बनाबाई तासभर त्यावर शिवत बसली तसा दबून फळीला टेकला, आणि तिरका आकार सगळा सपाट झाला. दोनदा भरला, दोनदा तेच. शनिवारी दुपारी ती मागच्या खोलीत गेली, अर्धी शिवलेली गोधडी घेऊन आली आणि कात्री लावली.

"आगं, लेकीची हाय ती!" सहादेव धावला.

"लेक माघात यायचीय. हिला सोमवारी जायचंय."

कडेकडेचा भाग आधीच टाक्यांनी बांधला गेला होता; तो सरकणार नव्हता, दबला तरी आकार सोडणार नव्हता. लुगड्याचे थर, घोंगडी, पुन्हा थर. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. त्यावर बोटभर फोम, मग रेक्झिन. रात्री देवापुढे दिवा लावेपर्यंत तिची बोटं टोचून टोचून बधिर झाली होती.

रविवारी दुपारी गादी बसवली. भागूबाई पाय पुढच्या पायदानावर टेकवून बसल्या, दांडी धरली, थोड्या मागे रेलल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"अमरापूरपोतर जाऊन येतो," आप्पासाहेब म्हणाले.

अर्ध्या तासाचं काम. एक तास झाला. दुसरा झाला. टपरीवाल्याने दोनदा विचारलं. सहादेव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहू लागला. "पायदानाचं वेल्डिंग सुटलं आसंल. का मधीच उतरली आसंल ती?" बनाबाईने देवापुढच्या हळदीची चिमूट कपाळाला लावली आणि पुन्हा दारात येऊन बसली. गोधडी गेली त्याचं तिला काही नव्हतं; पण भागूबाई पुन्हा कंबर धरून उतरल्या तर?

दिवस कलायला लागला तेव्हा तो आवाज आला, सावकाश, जड. भागूबाई गाडीवरून उतरल्या त्या सरळ. पदर धुळीने भरलेला, हातात बोरांचा द्रोण.

"एवढा येळ?" सहादेव म्हणाला.

"हे म्हनत हुते आता फिरू," भागूबाई म्हणाल्या. "मीच म्हनलं, जरा फुडं चला. मढीचा डोंगूर दिसला, तितं थांबलो. मग म्हनलं, आजून जरा."

आप्पासाहेब हसू मिशीत दाबून चाक तपासत होते. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"मग उद्या?" बनाबाईने विचारलं.

"उद्या चारला उठायचंय. दशम्या करायच्यात, धा दिवसांच्या." भागूबाईंनी बोरांचा द्रोण बनाबाईच्या हातात ठेवला, आणि खाली वाकून गादीच्या शिवणीवर एकदा हात फिरवला. टाका कुठे कळला नाही. "पाकिटावर ह्या डावाला ह्यांच्याकडनं तुमचा पत्ता लिवून घेते. बबीन्यातनं धाडते."

"बसा, भागूबाई," आप्पासाहेब म्हणाले. या वेळी वहीही समोर नव्हती आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

गाडी बोधेगावच्या रस्त्याला लागली. बनाबाईने पुढच्या खोलीतल्या फोमच्या कतरणी झाडल्या, गोधडीचा उरलेला पट्टा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि मनात दिवस मोजले. माघाला अवकाश होता, पण लुगडी संपली होती. तिने पायात चपला सरकवल्या, बोरांतली मूठभर पदरात घेतली आणि वरच्या आळीच्या छबूबाईकडे जुनं लुगडं मागायला निघाली.