बारा दिवसांचं कडक पथ्य

"दोन भाकरी खाल्लेल्या माणसाची साखर इतकी खाली जात नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं सांगा, सकाळपासून पोटात काय गेलंय?"

मी नांदेडच्या एका दवाखान्यात लोखंडी खाटेवर पडलो होतो. हाताला ग्लुकोजची बाटली लावलेली होती. तासाभरापूर्वी मी लातूरच्या एस.टी.तून उतरलो होतो, एवढं आठवत होतं. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं, तर मी रेणापूर म्हणालो. रेणापूर दुसऱ्या जिल्ह्यात. रिक्षावाला ओळखीचा, त्यानं मला घरी नेऊन घातलं आणि बायकोनं त्याच रिक्षातून दवाखान्यात आणलं. ती सांगते, वाटेत मी तिला कचेरीतली समजून 'बाई, आपण कोणत्या टेबलावर?' असं विचारलं.

"अर्धा कप चहा," मी खरं सांगितलं.

"आणि साखरेची गोळी?"

"घेतली. वेळेवर."

बाईंनी याला हायपोग्लायसेमिया म्हणतात असं सांगितलं. म्हणजे रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाणं. गोळीचं काम साखर उतरवणं. पोटात अन्न नसलं तरी ती आपलं काम करतच राहते. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढली, खिडकीकडं तोंड करायला लावलं आणि बायकोला बोलावून दाखवलं. डोळे हळदीच्या अंगाला गेले होते.

"इन्फेक्टिव्ह हिपॅटायटिस," त्या म्हणाल्या. "यकृताला सूज. आपली साधी कावीळ. भूक कधीपासून नाही?"

"बारा दिवस."

"बारा दिवस जेवण नाही आणि गोळी चालू. असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लोकांना सांगत सुटलो होतो. आणि एक जण, लातूरला मी जिच्या खानावळीत जेवायचो ती गोदामावशी, माझं ऐकून अगदी तसंच करत होती. तिलाही साखर होती. तिचीही गोळी चालू होती.

ज्यांना साखर आहे आणि जे पथ्य पाळतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यामुळं हे कसं घडलं ते क्रमानं सांगतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नांदेडचा कारकून, तिकडं बदलून गेलो. कुटुंब नांदेडलाच. नव्या जिल्ह्याला कागद भरपूर आणि खुर्च्या कमी. एका खुर्चीवर आम्ही तिघं बसायचो, तेही हजेरीपटाच्या क्रमानं. त्यात दुष्काळ. पाणी इतकं कमी की खोलीतली पाल सकाळी माझ्या तांब्याकडं बघून उसासा टाकायची. माझ्याकडं टँकरचं काम होतं. कोणत्या गावाला किती खेपा झाल्या हे जाऊन बघायचं. त्या महिन्यात मी रेणापूरपासून देवणीपर्यंत अकरा गावांचं पाणी प्यालो. कावीळ त्यातल्या कोणत्या तांब्यातून आली हे सांगता येणार नाही, आणि सांगूनही उपयोग नाही. तहान लागली होती, लोकांनी त्यांच्या घागरीतलं दिलं, मी प्यालो.

साखर त्याआधी सहा महिने निघाली होती. डॉक्टरांनी वेळेला दोन भाकरी सांगितल्या होत्या. मला ते फार अपमानाचं वाटलं. मी खाण्यात नाव कमावलेला माणूस. देवणीच्या एका लग्नात माझ्या पंगतीला आचाऱ्यानं दुसरी चूल पेटवली होती, असं मी लातूरच्या कचेरीत पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तेव्हा दोन भाकऱ्यांवर उठायचं म्हणजे माणसासमोर उघडं पडणं. खानावळीत मी दोनवर उठायचो आणि 'घरी गेल्यावर बघतो' असं म्हणून हात धुवायचो.

मग एक दिवस भाकरीचा वासच नको झाला.

तो दिवस नीट आठवतो. गोदामावशीनं आंबट वरण केलं होतं. फोडणीचा वास नाकात गेला आणि पोटातून कुणीतरी हात वर करून नको म्हणालं. मी दोन घास खाल्ले आणि उठलो.

"का ओ साहेब, खारट झालं का?" मावशीनं विचारलं.

इथं मी 'भूक नाही मावशी' म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण पाच माणसं बघत होती. मी म्हणालो, "मावशी, आजपासून पथ्य कडक केलंय. माणसाला दोन घास पुरतात. बाकीचं आपण जिभेला लाच म्हणून देतो."

माझ्याच कचेरीतला गायकवाड समोर बसला होता. त्यानं घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. "मनावर लई ताबा हाय तुमचा," तो म्हणाला. पंगतीत मला पहिल्यांदाच कुणी कमी खाण्याबद्दल मान दिला. चव वेगळी होती. आवडली.

दुसऱ्या दिवशीही भूक लागली नाही. तिसऱ्या दिवशी सिगरेटसुद्धा नको वाटली, तर तीही मी सोडली असं जाहीर केलं. आठव्या दिवशी पँट सुतळीनं बांधावी लागली. ती सुतळी मी शर्ट वर करून लोकांना दाखवायचो. कचेरीत लोक पथ्य विचारायला यायला लागले. रेणापूरहून एक जण बैलगाडीनं आला असं मी तेव्हा सांगायचो. बैलगाडी नव्हती, तो सायकलवर आला होता आणि खरं म्हणजे टँकरचं विचारायला आला होता. पण पथ्य ऐकून गेला.

अंगात ताप कणकणत होता, तो उन्हाचा म्हणून सोडला. लघवी चहासारखी व्हायला लागली, ती पाणी कमी पितो म्हणून. खोलीत आरसा नव्हता. सुट्ट्या रद्द होत्या, बाराव्या दिवशी एक मिळाली, तोवर घरी जाणं झालं नाही. बायकोनं बघितलं असतं तर उंबऱ्यातच ओळखलं असतं.

मावशी रोज दोन्ही वेळा माझं ताट बघायची. बाई पंचावन्नची, चुलीपुढं बसून बसून रापलेली. एक दिवस तिनं विचारलं, "साहेब, गोळी चालू ठिवता का बंद?"

"चालूच," मी म्हणालो. "गोळी आपलं काम करते, आपण आपलं करायचं."

हे वाक्य मला त्या वेळी फार छान वाटलं होतं.

दवाखान्यातला पहिला दिवस तपासण्यांत गेला. सिरम बिलिरुबिन म्हणजे रक्तातल्या पिवळेपणाचं माप. माझं नऊ निघालं. तपासणाऱ्यानं कागद दोनदा वाचला आणि मी मनातल्या मनात तो आकडा लगेच एकोणीस केला. साखरेच्या गोळ्या बंद केल्या. लघवीत निळं औषध घालून, ती तापवून रोज साखर बघायची असं ठरलं.

भेटायला येणाऱ्यांचे दोन पक्ष पडले. काविळीला उसाचा रस हवा म्हणून अर्धं नांदेड तांबे घेऊन उभं, आणि साखरवाल्याला रस चालत नाही म्हणून उरलेलं अर्धं ते तांबे परत पाठवायला. बाईंनी दोघांनाही बाहेर बसवलं.

मला फक्त मावशी दिसत होती. गोळी घेऊन, उपाशीपोटी, पेटत्या चुलीपुढं.

दुपारी मेव्हण्याला लातूरच्या कचेरीत ट्रंककॉल लावायला पाठवलं. निरोप एवढाच, की मावशीला म्हणावं पथ्य सोड, भाकरी खा. तो दोन तासांनी आला. फोन गायकवाडनं घेतला होता, निरोप सांगतो म्हणाला होता. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं दोनच दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी गायकवाड स्वतः आला. टँकरच्या कागदांवर माझ्या सह्या राहिल्या होत्या.

"मावशी जेवायला लागली ना?" मी विचारलं.

"न्हाई."

"निरोप दिला नाहीस?"

"दिला की. हसली. म्हणली, काल म्हणत व्हता दोन घासांत माणूस जगतो, आज म्हणतो मरतो. साहेबाची ही बी गोष्टच दिसती. म्या म्हणलं, मावशी, साहेब दवाखान्यात हायेत. तर म्हणली, मागं बी वाघानं धरलं म्हणून सांगत व्हते, अन् ते मांजर निघालं."

"कशी आहे ती?"

"हात कापतो म्हणती. घाम येतो. चुलीचा हाय म्हणती."

घाम आणि थरथर ही दोन्ही लक्षणं बाईंनी मला पहिल्या दिवशी बोटं मोजून सांगितली होती. साखर खाली जायला लागली की आधी हेच होतं. पुढं माणूस बायकोला टेबल विचारतो. मावशीच्या पुढ्यात तर जाळ होता.

मी कागद मागितला आणि गायकवाडला बसवून पत्र लिहिलं. चार पानं झाली. बसस्टँडवर यम कसा आला, त्याच्या रेड्याला पाणी नव्हतं म्हणून तो कसा थांबला, त्याला मी टँकर मंजूर करून कसा परत पाठवला, सगळं आलं. शेवटी भाकरी खावी हेही होतं. गायकवाडनं उभ्यानं सगळं वाचलं.

"लई भारी झालंय," तो म्हणाला. "वाचून दाखवतो. सगळी खानावळ हसंल. अन् हसून झालं की मावशी गोळी घेऊन चुलीपुढं बसंल."

बायको खाली बसून डाळिंब सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एकदा माणसासारखं लिवा."

दुसऱ्या कागदाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. एक ओळ लिहायची, बघायची, तिच्यात रेडा शिरला की खोडायची. शेवटी राहिलं ते असं:

'मावशी, मी पथ्य करत नव्हतो. मला भूकच लागत नव्हती. मला कावीळ झाली आहे. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. जेवण न करता गोळी घेऊ नका. आज जेवा.'

गायकवाडनं हा कागद वाचला आणि खिशात घातला.

पुढचे तीन दिवस मी खाण्याशी झगडलो. भूक नसताना कसं खायचं ते बाईंनी शिकवलं, ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. दर दोन तासांनी थोडं. सकाळी मळमळ कमी असते, तेव्हा जास्त खाऊन घ्यायचं. गरम अन्नाचा वास लागतो, म्हणून निवलेलं खायचं. फोडणी नाही, तेल नाही. पाणी उकळलेलंच. आणि किती खाल्लं हे विचारलं तर खाल्लं तेवढंच सांगायचं. शेवटचं पथ्य मला सगळ्यांत जड गेलं. नर्सनं विचारलं की तोंडातून 'वाटीभर' निघायचं आणि बायको मागून म्हणायची, "चार चमचे."

घड्याळ लावून खाताना दर घासाला मावशी आठवायची. कागद पोचला का, वाचला का, पुन्हा हसली का. लातूरची गाडी यायची वेळ झाली की मी दाराकडं बघायचो.

सहाव्या दिवशी दारात गोदामावशीच उभी. हातात कापडात बांधलेली भाकरी. खानावळ एक दिवस बंद ठेवून, पहिल्या गाडीनं आली होती. ती खाटेजवळ आली आणि आधी तिनं माझे डोळे बघितले.

"पिवळेच हायेत की," ती म्हणाली.

"कागद मिळाला का मावशी?"

"मिळाला. गायकवाडनं वाचला. म्या म्हणलं पुन्हा वाच. अक्षर साहेबाचं हाय म्हणला, पण बोलणं तुमचं न्हवतं ओ. एक बी गंमत न्हाई त्यात. म्या म्हणलं, साहेबाचं काई खरं न्हाई, हा माणूस आता जातो. तितंच बसून दोन भाकरी खाल्ल्या, रडत रडत."

बायको हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

बाईंनी त्याच सकाळी मावशीला तपासलं. तिची गोळी निम्मी केली आणि ज्या दिवशी जेवण जाणार नाही त्या दिवशी गोळी घेण्याआधी डॉक्टरला विचारायचं, असं तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. बाहेर रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही. माझ्यावर त्या आयुष्यात एकदाच ओरडल्या, तेही हळू आवाजात. त्यांचा मी ऋणी आहे. गायकवाडचा जास्त, कारण त्यानं माझी चार पानं घेतली नाहीत. आणि त्या रिक्षावाल्याचा, ज्यानं मला रेणापूरला नेलं नाही.

साखर आता काबूत आहे. गोष्टी मी अजून सांगतो, ते काही गेलेलं नाही. पण पोटात काय गेलं, काय नाही, एवढी एक बाब मी त्यातून काढून ठेवली आहे. भूक न लागणं ही लाजायची गोष्ट नाही आणि मिरवायची तर नाहीच. पथ्यावर असताना ती अचानक गेली, तर पथ्य यशस्वी झालं असं समजू नका. दवाखान्यात जा आणि दोन घास खाल्ले असतील तर दोनच सांगा.

त्या दिवशी दुपारी मावशीनं कापड सोडलं. ज्वारीची भाकरी, निवलेली, तेलाचं बोट नाही. मी हळूहळू खात राहिलो. ती बायकोशी बोलत होती, पण लक्ष माझ्याकडं.

"किती खाल्ली?" तिनं विचारलं.

"चतकोर."

"चतकोर म्हंजी?"

"चतकोरच, मावशी."

ती उठली, ताटावर वाकली, आणि राहिलेले तीन तुकडे तिनं बोट लावून मोजले.